गोळी मधेच सोडू नकोस

पुणे

चि. सोहम,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर म्हणालास, "गोळी सुरू करून पंधरवडा उलटला, मनावर काडीचा फरक नाही, वर मळमळ. सोडून देतो." बाबा शेजारी होते म्हणून तेव्हा फार बोलले नाही.

'नैराश्य म्हणजे सेरोटोनिन, चेतापेशींमधलं ते निरोप पोचवणारं रसायन, कमी पडलंय, गोळीने भरून काढायचं' असा हिशेब तू मनाशी धरलायस. मेंदू इतका सरळ नसतो रे. ॲनाटॉमी शिकवताना मी मुलांच्या हातात मेंदूस्तंभ, म्हणजे मेंदूचा मणक्याकडे उतरणारा देठ, द्यायचे. कापून बघितला की मधोमध एक पुसट उभी रेघ दिसते. मेंदूतलं सेरोटोनिन बनवणाऱ्या पेशी मुख्यतः तिच्याच आसपास असतात. सुमारे 8600 कोटी चेतापेशींत जेमतेम काही लाख. त्यांचे तंतू मात्र जवळजवळ सगळ्या मेंदूभर पसरलेले. पुढे काय घडणार, हे सेरोटोनिन पोचतं त्या जागी कोणता रिसेप्टर, म्हणजे पेशीवरचा निरोप घेणारा रेणू, आहे त्यावर ठरतं. खडकवासल्याचं पाणी एकच. पर्वतीला गेलं की आपल्या नळाला येतं, कालव्याने इंदापूरकडे गेलं की उसाला.

सेरोटोनिनचे असे 14 प्रकारचे रिसेप्टर आहेत, त्यांना क्रमांकांनी ओळखतात. 1ए आठवणींशी संबंधित हिप्पोकॅम्पस या भागात दाट, 2ए मेंदूच्या बाहेरच्या थरात, 4 आत खोलवरच्या स्ट्रायटम या भागात. कोपनहेगनच्या संशोधकांनी 2017 मध्ये 210 निरोगी माणसांच्या पेट आणि एमआरआय स्कॅनवरून यांतल्या काहींचा नकाशाच प्रसिद्ध केला. काय सुंदर काम आहे!

आता तुझ्या कामाचं. 1ए त्या सेरोटोनिन बनवणाऱ्या पेशींवरही असतो. भोवती सेरोटोनिन वाढलं की तो त्यांना आवरतं घ्यायला लावतो. गोळीने सेरोटोनिन वाढतं, म्हणून सुरुवातीला नेमकं हेच होतं. काही आठवड्यांनी हे रिसेप्टर मंदावतात आणि पेशी पुन्हा मोकळेपणी काम करू लागतात. गुण उशिरा येण्याचं हे एक महत्त्वाचं कारण मानतात. मळमळीचा संबंध 3 क्रमांकाच्या रिसेप्टरशी. तो आतड्यातल्या मज्जातंतूंवर असतो, तसाच मेंदूस्तंभात उलटीच्या जागेपाशीही. बहुतेकांचा हा त्रास थोड्या दिवसांत ओसरतो.

तेव्हा स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नकोस. उद्याच डॉक्टरांना फोन कर, मळमळीचं सांग, जेवणानंतर घेतली तर चालेल का विचार. आणि मन फारच खचलं, नको ते विचार आले, तर रात्रीचे दोन वाजलेले असले तरी मला उठव. मिळेल त्या गाडीने निघते.

तुझी,
आई