उंबरा ओलांडला की उंबर

सातारा
रविवार, दुपार

चि. चिऊ,
अनेक आशीर्वाद.

तू जर्मनची परीक्षा पास झालीस हे फोनवर सांगितलंस ते कसं, तर बाजारात कोथिंबीर मिळाली नाही हे सांगावं तसं. 'बी-वन झालं गं आई. त्यात काय एवढं.' आणि पुढच्याच वाक्यात, ऑफिसातले सगळे केक कधी म्हणून विचारतायत, तर दुकानातून एखादा डबा नेते म्हणालीस. फोन ठेवल्यावर मला चैन पडेना. म्हणून हे पत्र. फोनवर सांगितलं असतं तर तू 'हो हो' म्हणून विसरली असतीस.

तिकडे जर्मनीत वाढदिवस ज्याचा, केकही त्यानेच न्यायचा, हे तू पहिल्या वर्षी सांगितलंस तेव्हा बाबांना आश्चर्य वाटलं होतं. मला नाही. आपल्याकडे तरी दुसरं काय आहे? दहावीचा निकाल लागला की पेढे पास झालेल्यानेच वाटायचे. पहिला पगार झाला, गाडी घेतली, घराची किल्ली हातात आली, की ज्याचा आनंद त्याने चार लोकांचं तोंड गोड करायचं. तुझ्या निकालाच्या दिवशी कंदी पेढ्यांचे तीन पुडे घेऊन आपण सगळी आळी फिरलो होतो, आठवतं? तेव्हा नाही म्हणालीस, त्यात काय एवढं.

तुला आठवणार नाही अशी एक गोष्ट सांगते. तू दहा महिन्यांची होतीस. माजघरातून रांगत आलीस, उंबऱ्याशी थांबलीस, दोन्ही हात पलीकडे टेकवलेस आणि पोटावर घसरत बाहेर पडलीस. आजी तांदूळ निवडत होती. तिने सूप तसंच खाली ठेवलं आणि उठली. फडताळात एक केळं होतं, काळं पडत आलेलं. ते कुस्करलं, त्यात गूळ विरघळवला, मावेल तेवढी कणीक, वेलची, आणि तेल तापवायला ठेवलं. पाच बोटांनी पीठ उचलून अंगठ्याने ढकलायचं, की तेलात गोल गोळा पडतो. तांबूस झाला की अगदी झाडावरच्या उंबरासारखा दिसतो. उंबरा ओलांडला म्हणून उंबर! घरात आम्ही तिघं, तरी आजीने शेजारच्या चारही घरांत वाटीवाटी पाठवले. पालथी पडलीस तेव्हा करंज्या झाल्या होत्या. बारशाला घुगऱ्या, उष्टावणाला मामाच्या हातची खीर, संक्रांतीला बोरन्हाण. घरोघरी ही यादी वेगळी असते, पण आजीच्या यादीत तुझी एकही गोष्ट 'त्यात काय एवढं' म्हणून सुटली नाही. तू आधाराशिवाय सायकल चालवलीस त्या संध्याकाळी शिरा होता. तू मोठी झालीस त्या दिवशीही शिराच होता, केशर घालून. तू लाजून खोलीतून बाहेर येत नव्हतीस, तेव्हा आजी ताटली घेऊन आत आली, तुझ्याशेजारी बसली आणि आधी स्वतः एक घास खाल्ला. तो घास मी विसरणार नाही.

आता तुझ्या ओव्हनबद्दल. मागच्या महिन्यात व्हिडिओ कॉलवर तू तो उघडलास आणि आत पातेली, तवा, झाकणं रचलेली दिसली. मला ते पाहून वाईट वाटलं, चिऊ. ओव्हनसाठी आम्ही काय काय केलंय ते तुला माहीत नाही.

माझ्या लहानपणी ओव्हन कोणाकडेच नव्हता. दिवाळीच्या आधी आठ दिवस घरी पीठ मळायचं आणि परात घेऊन बेकरीच्या भट्टीवर जायचं. दिवसभर त्यांचे पाव चालायचे, म्हणून घरगुती नानकटाईचा नंबर रात्री लागायचा. किलोमागे भाजणावळ ठरलेली. आईने तूप-साखर परातीत तळहाताने फेसलेली असायची, चांगला अर्धा तास. वाटीत पाणी घेऊन त्यात थेंब टाकायची. बुडाला तर अजून फेसायचं, तरंगला तर झालं. भट्टीवर ओळीने बसून बायका मैद्याच्या पोत्यांना टेकून गोळे वळायच्या, पत्र्यावर मांडायच्या, आणि भट्टीवाला लांब दांड्याच्या फळीवर पत्रा घेऊन आत सरकवायचा. दार उघडलं की तोंडावर लाल झळ यायची आणि तुपाचा वास सगळ्या गल्लीभर. प्रत्येक घराची खूण वेगळी. कोणाचा बदामाचा काप, कोणाची काट्याची नक्षी. आपली खूण चारोळीचे तीन दाणे. त्यावरूनच ओळखायचं आपला पत्रा कुठला ते. एका वर्षी भट्टीवाल्याला डुलकी लागली आणि आपला एक पत्रा पार काळा निघाला. तूप तेव्हा महाग. आई काही बोलली नाही, पण घरी येईपर्यंत परात दोन्ही हातांनी धरून चालत होती, रिकामी असूनही.

म्हणून तुला नानकटाईच सांगते. तूप 225 ग्रॅम, पिठीसाखर 200, मैदा 300, बेसन 50, बारीक रवा 50, चिमूटभर सोडा, मीठ आणि सात-आठ वेलदोड्यांची पूड. तिकडच्या पिठाच्या पुड्यावर आकडा असतो, 405 लिहिलेलं घे, तोच आपल्या मैद्याच्या जवळचा. आकडा वाढत जातो तसा कोंड्याचा अंश वाढतो. पुऱ्यांच्या वेळी तू 1050 आणलं होतंस, तसं करू नकोस. तूप पातळ नको, रवाळ आणि थिजलेलं हवं. साखर घालून ते मात्र नीट फेस, हा भाग उरकू नकोस. पांढरं आणि हलकं झालं पाहिजे. मग पिठं चाळून घाल आणि मळू नकोस, नुसतं गोळा कर. अर्धा तास फ्रिजमध्ये ठेव. लिंबापेक्षा लहान गोळे, जरासे दाबून, मध्ये दोन बोटं अंतर सोडून मांड. ओव्हन आधी तापव, 160 अंश, वरखाली दोन्हीकडची आच. पंख्याचं चिन्ह असेल तर 150 वर ठेव. अठरा ते वीस मिनिटं. बाहेर काढल्यावर हाताला मऊ लागतील, त्या कच्च्या नाहीत. गार झाल्यावरच खुसखुशीत होतात, तोवर पत्र्यावरून हलवू नकोस. चाळीसेक होतील.

वेळ नाही म्हणशील. तुझे बाबा एसटीतून निवृत्त झाले, त्या शेवटच्या ड्यूटीच्या दिवशी ते पहाटे पाचला निघणार होते. मी तीनला उठून कढईत मीठ पसरलं, वर कडं ठेवलं, झाकून दहा मिनिटं तापवलं आणि रव्या-दह्याचा केक लावला. पाऊण तास मंद आचेवर. मग विणायची सुई टोचून पाहिली, कोरडी निघाली. डब्यात घालून दिला. महाबळेश्वरच्या फेरीत वाहकाने आणि मागे बसलेल्या शाळेच्या पोरांनी तो संपवला. बाबा रात्री रिकामा डबा घेऊन आले आणि पोरांनी टाळ्या वाजवल्या म्हणाले. एवढंच म्हणाले, पण दोनदा म्हणाले.

परक्या भाषेत तू डॉक्टरशी बोलतेस, घरमालकाशी वाद घालतेस, रेल्वेत चुकलेल्या म्हाताऱ्या बाईला वाट सांगतेस. पहिल्या हिवाळ्यात दुकानात मीठ मागता येईना म्हणून रडली होतीस ती तूच. मग हा उंबरा नाही तर काय आहे?

शुक्रवारी न्यायच्या असतील तर गुरुवारी रात्री भाज. पातेली आजच बाहेर काढ. वरच्या मजल्यावरच्या आजीबाईंना चार वेगळ्या काढून दे, त्यांनी तुझे उच्चार सुधारून घेतले आहेत.

चारोळी तिकडे मिळणार नाही असं बाबा म्हणतात. पुढच्या महिन्यात तुझी मैत्रीण येतेय, तिच्याबरोबर पाव किलो पाठवते, पुडी बांधून ठेवली आहे. या खेपेला बदामाचे काप लाव.

तुझी,
आई