व्हिएन्नाहून पत्र

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

मी मजेत आहे, हे आधीच लिहून टाकते. थंडी सुरू झाली, पण खोलीत हीटर आहे. बाबा, खोकला त्या दिवशी फोनवर ऐकलात तेवढाच होता, डॉक्टरकडे जाण्यासारखा नव्हता.

आई, माझा फोटो बघून काकू 'अंगानं सुटली' म्हणाल्या, तेव्हापासून तू फोनवर आधी जेवणाचंच विचारतेस. पाव-चीज खाते, खोटं कशाला बोलू! पण त्यावरून रविवारी म्युझियममध्ये काय बघितलं ते सांगते.

आधी इथली एक तऱ्हा ऐक. म्युझियम असो की ऑपेरा, कोट काढून जमा करायचा. हातात तिकीट असलं तरी दारावरचा माणूस खूण करून मागे पाठवतो. कोट हातावर टाकून नेते म्हटलं, तर तेही नाही. मग खिडकीशी रांग, कोट आकड्याला, आपल्या हातात नंबराचा बिल्ला. निघताना पुन्हा रांग, आणि कुणी कुरकुरत नाही. मला वाटलं चोरीची भीती असेल. पण ऑफिसातली मैत्रीण म्हणाली, कोट घालून आत फिरणं बरं दिसत नाही. आपल्याकडे चपला घालून स्वयंपाकघरात शिरावं तसंच म्हणायचं.

तर आत रुबेन्स नावाच्या जुन्या चित्रकारानं काढलेली त्याची बायको हेलेना उभी आहे, 1636-38च्या सुमारास काढलेली. अंगावर फक्त फरचा झगा, तोही धड पांघरलेला नाही. (बाबा, एवढं आजीला वाचून दाखवू नका.) लग्नात ती सोळाची, तो त्रेपन्नचा, म्हणजे त्याचं फार कौतुक नको. पण गुडघ्यांवर मांसाच्या वळ्या आहेत, मांडीला खळगे आहेत, आणि त्यानं एकही लपवलेला नाही. मरताना चित्र तिच्याच नावे करून गेला. त्याच म्युझियममध्ये शंभर वर्षं आधीची, क्रानाख या चित्रकारानं काढलेली इव्ह आहे: अरुंद खांदे, इवलीशी छाती, किंचित पुढे आलेलं पोट. तेव्हा तेच देखणं.

समोरच्या बागेपलीकडे दुसरं म्युझियम. तिथे 1908 साली डॅन्यूबकाठच्या विलेनडॉर्फला सापडलेली अकरा सेंटिमीटरची दगडी बाई आहे, जवळजवळ तीस हजार वर्षांपूर्वीची. तिला चेहराच नाही, नुसतं पोट आणि छाती. आणि रस्ता ओलांडला की शीले या चित्रकारानं 1910 साली रंगवलेला स्वतःचाच पिवळट सापळा, पावलंच न काढलेला. लोक तिकीट काढून तोही बघतात. काकूंना यातलं कोण पसंत पडलं असतं?

म्हणून बायोडेटातला 'सडपातळ' हा शब्द काढून टाक. पुण्याच्या स्थळाला नवा फोटो पाठवते, जाड कोटातला नाही, साडीतला. त्यांना आवडलं तर बोलू, नाहीतर राहू दे. तू त्यांच्यापुढे माझी सारवासारव करू नकोस.

बाबा, या महिन्यात हप्त्याचे पैसे थोडे कमी आलेत. खोलीचं भाडं वाढलं. पुढच्या महिन्यात भरून काढते, सोसायटीतून उचल घेऊ नका. आजीच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनचे पैसे मात्र वेगळे टाकलेत, त्यांना हात लावू नका. तेव्हा मी तिथे नसेन. रजा मागितली होती, मिळाली नाही. ऑपरेशन झालं की रात्र असो की पहाट, फोन करा.

तुमची,
मनू