पावती मागा

ती. बाबा आणि ती. आईस,
सा. न. वि. वि.

दादाने फोनवर सांगितलं की अतिक्रमणाच्या गाडीने वजनकाटा आणि मेथी-कोथिंबिरीच्या टोपल्या उचलून नेल्या. पावती मिळाली नाही आणि बाबा, तुम्ही मागितलीही नाही. "आपण रस्त्यावर बसतो, मग चूक आपलीच," हे तुमचं ठरलेलं वाक्य. कायदा असं म्हणत नाही, म्हणून हे लिहितेय.

1989 साली सोदान सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पदपथावर धंदा करणं हा व्यवसायाच्या मूलभूत हक्काचा भाग आहे. त्याला नियम घालता येतात, पण रस्ते फक्त ये-जा करायला असतात एवढ्या कारणावर तो नाकारता येत नाही. (अमुकच जागा माझी, असा हक्क मात्र मिळालेला नाही. तेव्हा कोपऱ्यावरच्या जागेसाठी फळवाल्याशी भांडणं थांबवा.) याचा कायदा व्हायला पुढे पंचवीस वर्षं गेली. पथविक्रेता अधिनियम 1 मे 2014 पासून लागू आहे.

कलम 3 तुमच्या कामाचं. रस्त्यावरच्या विक्रेत्यांचं सर्वेक्षण होऊन सगळ्या पात्र विक्रेत्यांना विक्रीची प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कोणालाही उठवायचं नाही. नंतरही हलवायचं तर 30 दिवसांची नोटीस हवी. माल जप्त केला तर त्याची यादी करून तुमच्या हातात द्यायची. नाशवंत माल त्याच दिवशी परत करायचा, बाकीचा दोन कामाच्या दिवसांत. दंड भरावा लागेल, पण माल परत मिळतो. आई, तुझी कोथिंबीर त्याच दिवशी घरी यायला हवी होती.

मग येत का नाही? माझ्या मते कायद्याची गोम इथेच आहे. प्रमाणपत्राशिवाय विकलं तर तुम्हाला 2,000 रुपयांपर्यंत दंड, पण यादी न देता माल नेणाऱ्या अधिकाऱ्याला या कायद्यात एक रुपयाचाही दंड नाही. उलट 2024 मध्ये भारतीय न्याय संहिता आली, तेव्हा रस्त्यात अडथळा केल्याचा दंड 200 वरून 5,000 रुपयांपर्यंत गेला. दिल्लीत त्या कलमाखाली पहिलीच तक्रार नोंदवली गेली ती एका फेरीवाल्यावर, पुढे ती रद्द झाली ते सोडा.

आणि सर्वेक्षण न करणं पालिकांना परवडतं. ते करायचं नगर पथविक्रेता समितीने, आणि तिच्यात किमान 40 टक्के प्रतिनिधी तुमच्यासारख्यांनी निवडलेले हवेत, त्यांत एक तृतीयांश बायका. मुंबईसारख्या शहरात या निवडणुकीचं मतदान व्हायला 2024 चा ऑगस्ट उजाडला! दुरुस्ती करायचीच तर मला दोनच हव्यात. मुदतीत सर्वेक्षण झालं नाही, तर जुन्या विक्रेत्यांना प्रमाणपत्रधारक समजावं. आणि बेकायदा जप्तीत सडलेल्या मालाची किंमत जप्ती करणाऱ्याच्या पगारातून कापावी. सरकारच फेरीवाल्यांसाठीच्या स्वनिधी योजनेत 15,000 रुपयांपर्यंत पहिलं कर्ज देतं. ज्या मालावर ते फेडायचं तोच उचलून नेला, तर हप्ता कशातून भरायचा?

ते होईल तेव्हा होईल. तोवर स्वनिधीचे कागद, पालिकेच्या जुन्या पावत्या आणि आधार कार्ड यांचे फोटो दादाकडून मला पाठवा. त्या दिवशी काय काय नेलं, किती वाजता नेलं, गाडीचा नंबर काय होता, हे आठवतंय तोवर वहीत लिहून ठेवा. अर्ज मी लिहून पाठवते. त्यावर आईचीही सही हवी, धंदा दोघांचा आहे. आणि अर्ज दिल्यावर पोचेचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.

तुमची,
धाकटी