मल्टिफोटॉन मायक्रोस्कोपजवळच्या त्या कागदासाठी: एक खुलं आभारपत्र

आदरणीय मॅडम,
स. न. वि. वि.

मायक्रोस्कोपशेजारच्या भिंतीवर तुम्ही लावलेला एक पानी कागद नमुना ठेवण्याआधी वाचल्याशिवाय आता कुणी लेझरचं शटर उघडत नाही. दिसणारा प्रकाश सेकंड हार्मोनिक (दोन फोटॉन मिळून झालेला अर्ध्या तरंगलांबीचा एक) आहे की फ्लुओरेसन्स (रेणूनं शोषून मग सोडलेला प्रकाश), हे कसं ओळखायचं ते त्यात आहे. त्या कागदाबद्दल तुमचे मनापासून आभार.

८०० नॅनोमीटरच्या फेमटोसेकंद (अतिशय छोटे स्पंद सोडणाऱ्या) लेझरखाली त्वचेचा काप ठेवला की कोलॅजेनचं सेकंड हार्मोनिक बरोबर ४०० ला येतं, तर एनएडीएचचं (पेशीतल्या, स्वतःच चमकणाऱ्या एका रेणूचं) फ्लुओरेसन्स ४५० च्या आसपास ऐसपैस पसरतं. पहिल्यात सगळे रेणू एका तालात, दुसऱ्यात जो तो आपल्या वेळेला. पण दोन्हीला दोन-दोन फोटॉन लागतात, म्हणून लेझरची पॉवर दुप्पट केली की दोन्ही चौपट होतात. पॉवर आणि मिळालेल्या प्रकाशाच्या लॉग-लॉग आलेखाचा चढ २ आला म्हणजे हार्मोनिक सिद्ध झालं, असं मानू नका: तुमची ही पहिलीच ओळ सर्वात मोलाची.

१०० फेमटोसेकंदांच्या स्पंदाचं हार्मोनिक जेमतेम ३-४ नॅनोमीटर रुंद असतं, त्याला ४००/१० चा बँडपास (४०० भोवतीचा १० नॅनोमीटरचा पट्टाच सोडणारा फिल्टर) पुरतो. तरी ऊतीच्या स्वतःच्या फ्लुओरेसन्सचं शेपूट त्यात घुसतंच. त्यावर तुमचा उपाय किती सरळ! लेझर ८२० वर न्या. हार्मोनिक ४१० वर सरकून फिल्टरबाहेर जातं, जे उरतं ते फ्लुओरेसन्स. सरकवायचं २० च, जास्त सरकवलं तर शोषणच बदलतं. पॉवर मोजायची ती ऑब्जेक्टिव्हच्या (नमुन्याजवळच्या भिंगाच्या) पुढे.

बटाट्याचा कीस पाण्यात ढवळून तळाशी बसणाऱ्या स्टार्चची चाचणी तर आमची रोजचीच झाली आहे. ४०० च्या चॅनलमध्ये (त्या तरंगलांबीजवळचाच प्रकाश टिपणाऱ्या) प्रत्येक कण दोन पाकळ्यांसारखा उजळतो, लेझरचं ध्रुवीकरण फिरवलं की पाकळ्याही फिरतात. हेच कण ५२५ च्या चॅनलमध्ये ठळक दिसले, तर आधी फिल्टरमधून होणारी प्रकाशाची गळती शोधायची. मग स्टार्च उकळायचा: कणांची आतली मांडणी मोडते आणि हार्मोनिक विझतं. उकळल्यावरही जे चमकत राहतं, ते हार्मोनिक नव्हेच.

प्रकाश कुठल्या दिशेला जातो यावर विसंबू नका, हेही तुम्हीच लिहिलंत. हार्मोनिक मुख्यतः पुढे जातं हे खरं, पण जाड ऊतीत ते विखुरून मागे येतं, आणि कंडेन्सर (नमुन्यापलीकडचं भिंग) ४०० नॅनोमीटर सोडत नसेल तर पुढचा चॅनल उगाच काळा दिसतो. शंका उरली तर स्पंदानंतर प्रकाश किती वेळ टिकतो ते मोजायचं. ८० मेगाहर्ट्झला दोन स्पंदांमध्ये १२.५ नॅनोसेकंद मिळतात. हार्मोनिक यंत्राच्या स्वतःच्या प्रतिसादाएवढंच अरुंद राहतं, प्रथिनाला बांधलेलं एनएडीएच मात्र दोन-तीन नॅनोसेकंद रेंगाळतं. मोकळं एनएडीएच ०.४ मध्येच संपतं, म्हणून मावळत्या प्रकाशाच्या आलेखात सुरुवातीच्या भागात घाईनं रेघ मारायची नाही.

१९६१ साली फ्रँकेन आणि सहकाऱ्यांनी रुबी लेझरपासून पहिलं हार्मोनिक मिळवलं, तेव्हा छपाईत तो इवलासा ठिपका डाग समजून पुसला गेला होता. आज चूक उलट बाजूनं होते: प्रत्येक ठिपक्याला हार्मोनिक म्हटलं जातं. तुमच्या कागदामुळे इथे तसं होत नाही.

कडेला पेन्सिलीनं लिहिलेली ओळ पुसट होत होती: ‘फिल्टर तिरका बसला तर पट्टा निळ्याकडे सरकतो.’ ती आम्ही शाईनं गिरवली आहे.

आपले कृतज्ञ,
मायक्रोस्कोपवर काम करणारे आम्ही सगळे