आडवं पडायचे तास मोज

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

इकॉनॉमीच्या तिकिटावर जास्त पैसे भरून बिझनेस क्लासचं अपग्रेड घेऊ का, म्हणजे रात्रीच्या विमानात झोप होईल, असं काल तू फोनवर विचारलंस, आणि मी "घे रे, एवढा काय विचार करतोस" म्हणून मोकळी झाले. फोन ठेवल्यावर वाटलं, हे उत्तर आईचं झालं. वीस वर्षं रात्रीच्या विमानांनी कामाला जाणाऱ्या बाईचं नाही झालं. तिचं उत्तर इथे लिहिते.

आधी तास मोज. तुझं विमान अकरा तासांचं. उड्डाण, मग जेवण, मग ते ट्रे उचलेपर्यंतचा वेळ, यात दीड-दोन तास जातात. उतरायच्या दीड तास आधी नाश्त्यासाठी दिवे लागतात. राहिले सात-साडेसात. त्यात आडवं पडायला मिळालं तर पाच-सहा तास झोप होईल, आणि तेवढ्यावर तू माणसात असतोस. हाच हिशोब सहा तासांच्या विमानाला लाव. जेमतेम तीन तास उरतात. झोपेचं एक आवर्तन साधारण ९० मिनिटांचं, म्हणजे दोन आवर्तनं, तीही डोळा लगेच लागला तर! तेवढ्यासाठी मी कधीच पैसे घालणार नाही. एकदा घातले होते. पहिलाच बिझनेस क्लास, सहा तासांची रात्र. मी सगळी बटणं दाबून पाहिली, जेवण शेवटच्या गोडापर्यंत जेवले, एक सिनेमा पाहिला आणि लाल डोळ्यांनी उतरले. एवढं महाग जागरण मी पुन्हा केलेलं नाही.

तुझ्या बाबतीत मात्र एक गोष्ट जमून आली आहे. रात्री दहाला निघतोस आणि तिथलं घड्याळ फक्त दोन तास पुढे आहे. म्हणजे विमानातली रात्र ही तुझ्या शरीराचीही रात्रच आहे. सहा-सात तासांचा फरक असता तर मी वेगळं लिहिलं असतं. शरीराचं घड्याळ दिवसाला साधारण तासभर सरकतं, पूर्वेकडे जाताना तर आणखी कुरकुरत, आणि सपाट बिछाना त्याला ढकलू शकत नाही. जेट लॅग घालवायला म्हणून अपग्रेड घेणारे लोक उतरतात तेव्हा पाठ शाबूत असते, डोकं तसंच जड.

येतानाचं विमान दिवसाचं आहे. ते सोडून दे. भर दुपारी पलंगावर पडून छताकडे बघायचे पैसे कशाला?

आता बसून झोपण्याचं. तुझे बाबा म्हणतात, "डोळे मिटले की झालं." त्यांचं होतं, ते खुर्चीत बसल्या बसल्या घोरतात. तू माझ्यावर गेला आहेस. इकॉनॉमीत दोन रांगांमधलं अंतर ३०-३२ इंच आणि आसनाची पाठ कलते जेमतेम चार बोटं. स्वप्नांच्या टप्प्यात शरीराचे स्नायू पार ढिले पडतात, मान लुढकते आणि तू दचकून जागा होतोस. हे रात्रभर. १९८७ साली 'अर्गोनॉमिक्स' या नियतकालिकात याच विषयावरचं संशोधन आलं होतं. पाठ उभ्या रेषेपासून ४० अंश किंवा जास्त कलली तर झोप पलंगावरच्या झोपेच्या जवळ जाते, असं त्यात दिसलं. म्हणून प्रीमियम इकॉनॉमीला, म्हणजे इकॉनॉमी आणि बिझनेसच्या मधल्या वर्गाला, मी अगदीच नाक मुरडत नाही. पण तिथे पाय लोंबकळतच राहतात, आणि तुझे पाय काही थोडेथोडके नाहीत. मधल्यामध्ये पैसे घालायचे असतील तर आधी पाठ किती कलते ते बघ. रुंद हँडरेस्ट आणि काचेचा ग्लास झोपेच्या कामाचे नाहीत.

बिझनेस क्लास म्हटलं की सपाट बिछाना हे गृहीत धरू नकोस. ब्रिटिश एअरवेजने २००० साली बिझनेस क्लासमध्ये पूर्ण सपाट होणारी आसनं आणली, पण त्यानंतरही कितीतरी विमानांत नुसती तिरकी होणारी आसनं राहिली. त्यांवर माणूस रात्रभर पायांकडे घसरत राहतो. मी दोनदा घसरले आहे. तेव्हा विमानाचा प्रकार आणि सीट मॅप बघ. रांगेत १-२-१ अशी मांडणी असेल, म्हणजे एक आसन, वाट, दोन आसनं, वाट, एक आसन, तर प्रत्येकाला थेट वाटेवर उतरता येतं. २-२-२ किंवा २-३-२ असेल तर कुणीतरी तुझे पाय ओलांडणार, नाहीतर तू त्याचे. निघायच्या दोन दिवस आधी पुन्हा बघ, कारण विमान ऐन वेळी बदलतात.

आणि पडद्याच्या पुढे बसलास म्हणून हवा बदलत नाही. ती सगळ्यांना एकच, २० टक्क्यांहून कमी आर्द्रतेची. दाबही सारखाच, बऱ्याच विमानांत ८,००० फुटांच्या डोंगरावर असावा तसा. बोइंग ७८७ आणि एअरबस ए३५० या विमानांत तो ६,००० फुटांच्या आसपास राखतात. घसा कोरडा पडणार तो पडणारच. यावर वाइनचा ग्लास पुढे येईल, तो परत पाठव. २०२४ साली जर्मनीतल्या संशोधकांनी धडधाकट तरुणांना दारू पाजून विमानातल्यासारख्या कमी दाबात झोपवलं, तर रक्तातला प्राणवायू उतरला आणि नाडी वाढली. बिछान्यासाठी पैसे मोजून वर झोप पातळ करून घ्यायची, याला काय म्हणावं!

आता पैसे. अपग्रेडची रक्कम त्या सहा तासांनी भाग आणि बघ, तास कितीला पडतो. दचकशील. दचकून झालं की दुसरा आकडा काढ: एक दिवस आधी साध्या तिकिटाने जाऊन हॉटेलात एक रात्र काढली तर किती? बहुतेक वेळा हाच आकडा लहान निघतो, आणि हॉटेलचा पलंग हलत नाही. रजा मिळत असेल तर माझं मत तिकडे आहे. तू म्हणालास रजा नाही, आणि सादरीकरण त्याच दुपारी. मग अपग्रेड घे. मी एकदा अशीच बसून रात्र काढून गेले आणि भर बैठकीत गेल्या वर्षीचे आकडे या वर्षीचे म्हणून वाचले. समोरच्यांनी माना डोलावल्या. संध्याकाळी माझ्या लक्षात आलं, तेव्हापासून दुसऱ्या दिवशी फोन करून चूक कबूल करेपर्यंत माझं जेवण गेलं नव्हतं.

अपग्रेडसाठी विमान कंपनीकडे बोली लावणार असशील, म्हणजे किती द्यायला तयार आहेस ते आधी कळवणार असशील, तर जास्तीत जास्त आकडा आजच ठरव, घरी, पोट भरलेलं असताना. रात्री काउंटरवर दमलेला माणूस कितीलाही हो म्हणतो. बोली फक्त जातानाच्या प्रवासावर लाव. स्वस्त तिकिटांवर कधी कधी अपग्रेड चालतच नाही, तेही आधी वाचून घे. आणि बोली लागणार असं धरून इकॉनॉमीची जागा वाऱ्यावर सोडू नकोस. खिडकीची घे, स्वच्छतागृह आणि गॅलीपासून, म्हणजे विमानातल्या स्वयंपाकघरापासून, लांब. शेवटची रांग नको, आपत्कालीन दाराच्या लगेच पुढचीही नको. तिथल्या पाठी बऱ्याचदा कलतच नाहीत. खिडकीशी बसलेला माणूस शेजाऱ्याच्या भिडेपायी उठत नाही आणि चार तासांपुढच्या प्रवासात पायात गुठळी होण्याचा धोका वाढतो, म्हणून भीड सोडून ऊठ. बिझनेसमध्येही ऊठ.

अपग्रेड मिळालं तर विमानतळावरच जेवून घे. आत शिरल्या शिरल्या सांग की जेवणाला उठवू नका. पट्टा पांघरुणाच्या वरून बांध, म्हणजे विमान हलायला लागलं की तो दिसावा म्हणून कुणी हलवून जागं करणार नाही. बटणं येताना दाब. येताना तू इकॉनॉमीत आहेस म्हणा, तिथे एकच बटण असतं.

आकडा ठरला की मला कळव. बाबांना मी त्यातला निम्मा सांगेन.

तुझी,
आई