सातबारा बापाच्या नावावर, वही पोरांच्या नावावर

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या शिक्षण पुरवणीत अमेरिकेतल्या कॉलेजांबद्दल आणि स्कॉलरशिपबद्दल नेहमी काही ना काही येत असतं, मी ते नेटवर आवर्जून वाचते. पण त्यात सगळा भर एसएटी, एसे, रँकिंग आणि एज्युकेशन लोनवर असतो. गावाकडच्या पोरांच्या शेतीच्या कार्यक्रमांतून इथे कॉलेजसाठी स्कॉलरशिप मिळतात, त्याबद्दल मराठीत मी अजून कुठे वाचलेलं नाही म्हणून हे पत्र. जरा लांबलंय, पण छापता आलं तर बघा.

आम्ही इंडियानातल्या कोलंबसला राहतो. इंजिनं बनवणाऱ्या कमिन्स कंपनीचं मुख्य ऑफिस इथेच असल्यामुळे पुण्याकडून आलेली मराठी कुटुंबं इथे बरीच आहेत. गावाबाहेर पडलं की दोन्ही बाजूंना मका आणि सोयाबीन, नजर जाईल तिथपर्यंत. माझं माहेर राहुरी तालुक्यातलं, कृषी विद्यापीठाच्या जवळचंच, त्यामुळे मला इथे कधी फार परकं वाटलं नाही.

इथे मुलांसाठी दोन मोठे कार्यक्रम आहेत. एक फोर-एच, चार पानांच्या हिरव्या क्लोव्हरचं चिन्ह असलेला, त्याची सुरुवात 1902 सालची, ओहायोतली. तो काउंटीच्या (आपल्या तालुका-जिल्ह्यासारखा भाग) एक्स्टेन्शन म्हणजे कृषी विस्तार ऑफिसमार्फत चालतो आणि ते ऑफिस राज्याच्या कृषी विद्यापीठाचं असतं, आमच्याकडे पर्ड्यू युनिव्हर्सिटीचं. इंडियानाच्या 92 च्या 92 काउंट्यांत हे ऑफिस आहे, म्हणजे आपल्याकडे प्रत्येक तालुक्याला कृषी विज्ञान केंद्र असावं तसं समजा. दुसरा एफएफए (फ्यूचर फार्मर्स ऑफ अमेरिका), 1928 साली कॅन्सस सिटीत सुरू झालेला, तो शाळेतल्या शेती विषयाच्या वर्गाला जोडलेला असतो, निळं कॉर्डरॉयचं जॅकेट घातलेली पोरं दिसली की ओळखायचं. दोन्हींतून कॉलेजसाठी स्कॉलरशिप मिळतात. काउंटीची वेगळी, राज्याच्या फोर-एच फाउंडेशनची वेगळी, शिवाय गावातल्या बँका, फार्म ब्युरो ही शेतकऱ्यांची संघटना, बियाणं-खताच्या कंपन्या देतात त्या वेगळ्या. एफएफएमध्ये एकच अर्ज भरायचा आणि तो ज्या ज्या स्कॉलरशिपच्या अटीत बसेल तिथे तिथे तपासला जातो. आणि पुढे शेतीच शिकायला हवी असंही प्रत्येक ठिकाणी नसतं, इंजिनिअरिंग, नर्सिंगला जाणाऱ्या मुलांनाही यातल्या कितीतरी मिळतात.

एवढं असूनही आपली माणसं तिकडे फिरकत नाहीत याचं मला मनापासून वाईट वाटतं. मॅथ्स, स्पेलिंग बी, कोडिंग, सगळे क्लास लावतील पण फोर-एच म्हटलं की "ते शेतकऱ्यांच्या पोरांचं असतं हो" म्हणून विषय संपतो. बोलणाऱ्यांतले निम्मे स्वतः शेतकऱ्यांचीच पोरं आहेत!! आणि खरं तर फोर-एचमध्ये फोटोग्राफी आहे, शिवण आहे, रॉकेट आहे, बेकिंग आहे, अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्या मुलालाही करता येईल असं भरपूर आहे. मग मूल बारावीत गेलं की कुणीतरी सांगतं अमुक स्कॉलरशिप आहे, तेव्हा धावत पळत ऑफिसात जातात आणि तिथली बाई अगदी नम्रपणे विचारते, मुलाचं रेकॉर्ड आहे का? तिथे गाडी अडते.

कारण या स्कॉलरशिपचा फॉर्म बारावीत भरतात, पण त्यात लिहायचं असतं आधीच्या आठ-नऊ वर्षांचं. कुठले प्रोजेक्ट केले, किती वर्षं केले, खर्च किती आला, हातात काय पडलं, काय बिघडलं आणि तू त्यावर काय केलंस, लहान मुलांना काय शिकवलंस, गावासाठी काय काम केलंस. हे सगळं दरवर्षी रेकॉर्डमध्ये लिहिलेलं असेल तर फॉर्म म्हणजे निवडून उतरवून काढायचं काम. नसेल तर बारावीच्या डिसेंबरात ते कुठून आणणार?

माझ्या मुलीचंच सांगते. तिसरीपासून तिचा भाजीपाल्याचा प्रोजेक्ट, मागच्या अंगणात टोमॅटो, मिरची, घेवडा. दरवर्षी उन्हाळ्यात काउंटी फेअरला, म्हणजे काउंटीच्या जत्रेतल्या प्रदर्शनात, पांढऱ्या पेपर प्लेटमध्ये टोमॅटो मांडायचे, सगळे एका आकाराचे, एका रंगाचे, एकाच जातीचे, त्यातला एक जरी जास्त पिकलेला निघाला तरी वरची निळी रिबन जाऊन खालची लाल येते. परीक्षक समोर बसवून मुलाला विचारतात, बी कुठलं, लावलं कधी, पाणी कसं दिलंस. आई-बापाने मागून बोललेलं अजिबात चालत नाही. एका वर्षी तिच्या टोमॅटोच्या बुडाला काळे चट्टे पडले. एक्स्टेन्शनच्या माणसाने सांगितलं हा रोग नाही, पाणी कधी जास्त कधी कमी झालं की झाडाला कॅल्शियम उचलता येत नाही त्याने होतं. मग तिने वहीत तारखा घालून लिहायला सुरुवात केली, पाऊस कधी, पाणी कधी, आच्छादन घातल्यावर चट्टे असलेली फळं किती आणि न घातलेल्या वाफ्यात किती. त्या वर्षी तिला रिबन साधीच मिळाली, पण बारावीत स्कॉलरशिपच्या निबंधात तिने तेच वर्ष लिहिलं आणि मुलाखतीला पण त्यावरच जास्त प्रश्न आले. शिफारसपत्र दिलं ते क्लबच्या लीडरबाईंनी, त्यांनी तिला तिसरीपासून बघितलेलं, त्यामुळे त्यात "हुशार आणि मेहनती" असलं छापील काही नव्हतं, तिने कधी काय केलं ते होतं. तिला काउंटीची एक आणि राज्याची एक अशा दोन मिळाल्या आणि यंदा ती पर्ड्यूला फूड सायन्सला गेली.

शेजारच्या रस्त्यावरचा मुलगा डुक्कर पाळायचा. तो रोजचं खाद्य, दर काही दिवसांनी वजन, एक पौंड वजन वाढायला किती पौंड खाद्य लागलं, सगळं लिहायचा आणि फेअरच्या शेवटी लिलावात आलेल्या पैशातून खाद्याचे, पिल्लाचे पैसे वजा करून नफा काढायचा. चौदा वर्षांच्या पोराला आपल्या धंद्याचा हिशोब तोंडपाठ! मी त्याला बघून माझ्या भावाला फोन केला होता, की कांद्याला एकरी खर्च किती आला ते तू तरी असं सांगू शकतोस का.

ही वही काही आजचं फॅड नाही. कार्यक्रमच मुळात तिथून सुरू झाला. शंभर वर्षांपूर्वी इथले मोठे शेतकरी नवीन वाण, नवीन पद्धत ऐकायला तयार नसायचे, मग पोरांना थोडी जागा देऊन मका लावायला लावला, पीक मोजलं आणि मग बाप लोकांनी बघितलं. मुलींचं तर आणखी छान आहे. 1910 साली साउथ कॅरोलिनातल्या एकनला मरी क्रोमर नावाच्या शाळेतल्या बाईंनी मुलींचा टोमॅटो क्लब काढला, प्रत्येकीला एकराचा दहावा हिस्सा, म्हणजे आपले चार गुंठे. टोमॅटो लावायचे, डबाबंद करायचे, विकायचे, हिशोब ठेवायचा आणि जी पहिली येईल तिला विन्थ्रॉप कॉलेजची स्कॉलरशिप. खेड्यातल्या मुलीला तेव्हा कॉलेजला कोण पाठवत होतं? चार गुंठ्यांतून ती कॉलेजात गेली.

आता पैशाचं स्पष्ट सांगते म्हणजे कुणाचा गैरसमज नको. यातून सगळं शिक्षण फुकट होत नाही. बऱ्याचशा स्कॉलरशिप हजार डॉलरच्या आसपासच्या असतात. पर्ड्यूची शिकवणीची फी इंडियानातल्या मुलांना वर्षाला 9,992 डॉलर आहे आणि राहणं-जेवण धरलं की खर्च दुपटीच्या वर जातो. पण अशा दोन-तीन जमल्या तर फरक पडतो, आणि कॉलेजच्या अर्जातही ती आठ-नऊ वर्षांची चिकाटी दिसतेच. दुसरं म्हणजे व्हिसा. आपली बरीच मुलं डिपेंडंट व्हिसावर, म्हणजे आई-वडिलांच्या व्हिसाच्या आधारावर असतात, त्यांना सरकारची फेडरल मदत मिळत नाही, ती साधारण नागरिक नाहीतर ग्रीन कार्डवाल्यांना असते. म्हणून तर या छोट्या स्थानिक स्कॉलरशिप त्यांच्यासाठी जास्त मोलाच्या. यातल्याही काहींना नागरिकत्वाची अट असते, काहींना फक्त मेंबरशिप आणि किती वर्षं केलं एवढंच लागतं, देणाऱ्यावर असतं ते. तेव्हा आधीच एक्स्टेन्शन ऑफिसात जाऊन समोरासमोर विचारा, तिथली माणसं खरंच वेळ देऊन सांगतात. आणि कृपा करून मुलांचे निबंध आई-वडिलांनी लिहू नका, मुलाखतीत दोन प्रश्नांत कळतं.

हे सगळं मी तुम्हाला का लिहितेय, तर माझ्या भाच्यासाठी. तो राहुरीकडे, यंदा बीएस्सी अॅग्रीला. आठवीपासून ड्रिप तो बघतो, फवारणीचं प्रमाण तो काढतो, कांदा चाळीत कधी भरायचा नि कधी काढायचा हे भाऊ त्याला विचारून ठरवतो. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा फॉर्म भरताना मी व्हिडिओ कॉलवर होते. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, जातीचा दाखला, आधारला लिंक असलेलं खातं, सगळं मागितलं, एका शब्दानेही असं विचारलं नाही की बाबा तू शेतात काय केलंस. प्रवेशाला सातबारा जोडला की शेतकऱ्याच्या मुलाला जादा गुण मिळत आलेत, चांगलंच आहे. पण सातबाऱ्यावर नाव बापाचं, नाहीतर आजोबांचं. ज्या पोराने कधी बांधावर पाय ठेवला नाही त्यालाही तो कागद आणि माझ्या भाच्यालाही तोच कागद. आणि ज्या मजुराच्या मुलीने दुसऱ्याच्या रानात सगळं शिकून घेतलं, तिच्या हातातल्या कामाची नोंद तर कुठेच नाही.

गरज बघून मिळणारी मदत हवीच, तिला कुणी हात लावू नये. डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाने वसतिगृहाचा निर्वाह भत्ता अल्पभूधारक आणि मजुरांच्या मुलांना मिळतो, त्याच्यावर किती पोरं शहरात टिकून आहेत हे मी घरात बघितलंय. मी म्हणते त्याच्या जोडीला थोड्या का होईना, कामाच्या नोंदीवरच्या शिष्यवृत्त्या असाव्यात. लागणारं सगळं आपल्याकडे आहे. झेडपीच्या शाळांत परसबागा आहेत. कृषी विज्ञान केंद्रं आहेत. शेवटच्या वर्षाची कृषीची मुलं 'रावे' या ग्रामीण कार्यानुभवासाठी गावात येऊन राहतात, त्यांनी आठवी-नववीच्या मुलांना वही कशी ठेवायची ते शिकवावं, घरचं एक पीक, दोन शेळ्या, दहा कोंबड्या काहीही चालेल, वर्षातून एकदा कृषी विज्ञान केंद्राच्या माणसाने येऊन मुलाशी बोलून वही तपासावी आणि सही करावी. जमीन नसलेल्या मुलालाही शाळेच्या परसबागेतला एक वाफा मिळू शकतो. चार वर्षांच्या अशा नोंदी असलेल्या मुलांना कॉलेजची फी द्यायला साखर कारखाने, दूध संघ, बाजार समित्या, बियाण्याच्या कंपन्या पुढे येऊ शकतात, इथे तसंच चालतं.

राहुरी, अकोला, परभणी, दापोली या चारही कृषी विद्यापीठांच्या कुलगुरूंना तुमच्या पेपरने हे एकदा विचारावं अशी माझी विनंती आहे. एका तालुक्यात सुरू करायला काय लागेल एवढंच विचारा. आणि इकडे राहणाऱ्या वाचकांसाठी, इंडियानात फोर-एचची नोंदणी साधारण ऑक्टोबरात उघडते, मूल तिसरीत असेल तर यंदाच नाव घाला, बाकी राज्यांतल्या तारखा आणि वयाची अट आपापल्या काउंटीच्या ऑफिसात विचारून घ्या.

आपली नियमित वाचक,
कोलंबस, इंडियाना
(माहेर ता. राहुरी, जि. अहिल्यानगर)