रविवारी शाडूकाम: येण्याआधी वाचा

मंडळी, रविवारी सकाळी १० वाजता सोसायटीच्या गच्चीवरल्या शेडमध्ये शाडूचे प्राणी करायचे आहेत. पोळा जवळ आलाय म्हणून बैलच हवा असं नाही. शिंगं बैलाची, शेपूट मोराची, पाठीवर आजीच्या लुगड्याच्या काठाची झूल, असा कुणीही चालेल. मोबाइलवरचं चित्र बघून मात्र करू नका.

शाडू मळून तयार मिळेल. पाय आखूड आणि जाड ठेवा, नाहीतर वाळायच्या आत प्राणी गुडघे टेकतो. शिंग, कान नुसतं चिकटवू नका. दोन्हीकडे काडीने ओरखडे काढून मध्ये पातळ शाडू लावा आणि दाबा. मोठं धड आतून कोरून घ्या. घुंगरमाळा, ठिपके, खवले ओल्यातच उठवायचे. खराट्याची काडी, जुना कंगवा, बांगडी, जे सापडेल ते आणा.

वाळवण सावलीत, उन्हात तडे जातात.

रंगकाम पुढच्या रविवारी. गेरू, चुना, हळद आपण आणू. (हळदीत चुना कालवला की लाल होतो, मुलांना ते स्वतः करू द्या.) टिकल्या, चमकी ज्याची त्याने.

आईबाबांनी मुलांच्या प्राण्याला हात लावायचा नाही, हौस असेल तर स्वतःचा वेगळा करा. सोबत पुठ्ठा आणि जुनं फडकं हवं. माती किती भिजवायची ते ठरवायचंय, तेव्हा नावं शुक्रवार रात्रीपर्यंत ग्रुपवर टाका.